पदवीनंतरचे भगिनीत्व

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनानिमित्त भरलेल्या महिला-सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीने यंदा पदवीधर स्त्रियांची एक स्वतंत्र शाखा स्थापन करण्याचे योजिले असून तिच्या नियमांचा कच्चा मसुदा आजच्या सभेपुढे विचारार्थ यावयाचा आहे, हे आपणां सर्वांस विदित आहेच. त्या मसुद्यातील सभासदत्वाचे कलम अवघे दीड ओळीचे आहे. ज्ञातीत जन्मलेली आणि विद्यापीठाची पदवी घेतलेली प्रत्येक स्त्री शाखेची सभासद समजली जाईल, एवढेच त्यात म्हटले आहे. या दीड ओळीवर मत देण्यापूर्वी इतरत्रच्या सुशिक्षित स्त्रियांनी हाच प्रश्न कसा सोडविला, हे पाहणे उपयुक्त ठरेल असे वाटल्यावरून मी अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या भगिनीसंघांचा विषय आज निवडला आहे. त्यातही विद्यार्थिदशा संपल्यावर, संसार व नोकरी यांत मुरलेली पदवीधर स्त्री अशा संघाची सभासद कशी होते, यावर माझा मुख्य रोख राहील.

अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थिनींचे जे संघ असतात त्यांना ‘सोरॉरिटी’ असे नाव आहे. लॅटिन भाषेतील ‘सोरॉर’ म्हणजे बहीण. आपल्या संस्कृतातील ‘स्वसृ’ हा शब्द त्याचाच सगोत्र होय. या संघांची नावे बहुधा ग्रीक वर्णमालेतील दोनतीन अक्षरांची असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही प्रथा रुजली, परंतु त्या संघांची दारे गोऱ्या मुलींपुरतीच उघडी होती. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली तरी तिची छाया वर्गात, वसतिगृहात आणि भोजनगृहात कायम होती. महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला, हे आपण जाणतोच. त्या मुक्त झालेल्यांच्या मुली व नाती जेव्हा उच्च शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा त्यांनी काय केले, त्याची ही कथा आहे.

वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात १५ जानेवारी १९०८ रोजी एथेल हेजमन या विद्यार्थिनीच्या पुढाकाराने ‘अल्फा कॅपा अल्फा’ हा कृष्णवर्णीय विद्यार्थिनींचा पहिला भगिनीसंघ स्थापन झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबईत मलबारी व दयाराम गिदुमल यांच्या प्रयत्नाने सेवासदन निघाले आणि पुढच्याच वर्षी, १९०९ साली, पुण्याच्या सेवासदनाची धुरा रमाबाई रानडे यांनी उचलली. हॉवर्डमध्येच १३ जानेवारी १९१३ रोजी बावीस विद्यार्थिनींनी ‘डेल्टा सिग्मा थीटा’ हा दुसरा संघ काढला. १९२० साली त्याच ठिकाणी ‘झीटा फाय बीटा’ निघाला. चौथा संघ ‘सिग्मा गॅमा रो’ हा १२ नोव्हेंबर १९२२ रोजी इंडियानापोलिस शहरात जन्मास आला, आणि त्याच्या संस्थापिका सातजणी शिक्षिका होत्या, ही गोष्ट आपण विशेष लक्षात घ्यावी. दिवसा वर्ग घेऊन दमलेल्या मास्तरणींनी हा संघ उभा केला. भगिनीसंघ हा कोवळ्या वयातील विद्यार्थिनींचाच खेळ होय, ही समजूत या एका उदाहरणाने दूर व्हावी.

डेल्टा संघाच्या बावीस मुलींचे पहिले सार्वजनिक कार्य स्थापनेनंतर दोन महिन्यांच्या आतच घडले. ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोठी मिरवणूक निघाली. कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावे, अशी त्या वेळच्या काही धुरीणांची इच्छा होती. तरीही या मुली आपले निशाण घेऊन मिरवणुकीत सामील झाल्या, आणि त्यांच्यासमवेत मेरी चर्च टेरेल याही चालल्या. टेरेलबाई १८८४ सालच्या ओबर्लिन महाविद्यालयाच्या पदवीधर. त्या वेळी त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. पुढे या संघाने त्यांना सन्माननीय सभासद करून घेतले आणि संघाची प्रतिज्ञा त्यांनीच लिहून दिली. ज्या प्रतिज्ञेने विशीतील मुली संघात येतात, ती पन्नाशीच्या एका स्त्रीने रचलेली आहे. वयाचा आणि भगिनीत्वाचा संबंध किती थोडा आहे, याचे याहून चांगले प्रमाण कोणते द्यावे?

आता पदवीधर शाखांकडे वळू. या चारही संघांत दोन प्रकारच्या शाखा असतात. एक विद्यार्थिनींची, महाविद्यालयाच्या आवारातील. दुसरी पदवीधरांची, गावच्या किंवा शहराच्या वस्तीतील. महाविद्यालयात असताना सभासद झालेली मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली की ती दुसऱ्या शाखेत येते. परंतु ज्या स्त्रीला विद्यार्थिदशेत सभासद होता आले नाही, तिलाही पदवीधर शाखेच्या द्वारे प्रथमच प्रवेश मिळू शकतो, आणि तेथील सभासदत्व दुय्यम मानले जात नाही. गोऱ्या विद्यार्थिनींच्या जुन्या संघांतही पदवीनंतर प्रवेश देण्याची वाट काही ठिकाणी आहे, पण ती अपवादाची. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघांत मात्र ही वाट रोजच्या रहदारीची आहे.

याचे कारण त्यांच्या इतिहासात सापडते. महाविद्यालयात चार वर्षे असताना सभासद का झाली नाहीस, असे विचारले तर त्या स्त्रिया जी उत्तरे देतात, ती आपल्या घरांतूनही ऐकू येतील. एकीच्या महाविद्यालयात अशी शाखाच नव्हती. दुसरी दिवसा नोकरी करून रात्री शिकत होती. तिसरीजवळ वर्गणीपुरते पैसे नव्हते. चौथीचे लग्न लवकर झाले, मुले झाली आणि पदवी चाळिशीत पदरी पडली. आपल्याकडे महर्षी कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी जो आश्रम काढला, पुणे सेवासदनाने प्रौढ स्त्रियांसाठी जे वर्ग चालविले आणि १९८९ साली नाशिकला जे मुक्त विद्यापीठ निघाले, त्यांचा आधार घेऊन शिकलेल्या स्त्रिया याच जातकुळीच्या आहेत. वयाच्या ठरावीक वेळी ज्यांना शिक्षण मिळाले त्यांच्यापुरतीच संस्था बांधली, तर ज्यांनी ते अधिक कष्टाने मिळविले त्याच बाहेर राहतात.

डॉरोथी हाइट यांचे उदाहरण सांगते. १९२९ साली न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयाने त्यांना प्रवेश देण्याचे मान्य केले होते. पण त्या तेथे पोहोचल्या तेव्हा, वर्षाला दोनच कृष्णवर्णीय मुली घ्यावयाच्या आणि त्या दोन जागा भरल्या आहेत, असे त्यांना ऐकावे लागले. त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात शिक्षण पुरे केले, समाजकार्यास वाहून घेतले आणि पदवीनंतर कित्येक वर्षांनी, १९३९ साली, त्या डेल्टा संघाच्या सभासद झाल्या. १९४७ साली त्याच संघाने त्यांना राष्ट्रीय अध्यक्षपद दिले. १९५२ साली त्या आपल्या देशात आल्या होत्या आणि दिल्लीच्या समाजकार्य विद्यालयात काही महिने त्यांनी अध्यापन केले. १९५७ पासून चाळीस वर्षे त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेचे नेतृत्व केले, आणि २०१० साली अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. विद्यार्थिदशा संपली म्हणून डेल्टा संघाने त्यांना दार बंद केले असते, तर हानी कोणाची झाली असती, हे मी सांगावयास नको.

या पदवीधर शाखांत प्रवेश कसा मिळतो, ते आता सांगते. चारही संघांचे नियम तपशिलात भिन्न आहेत, परंतु सांगाडा सारखाच आहे. पहिली गोष्ट, मान्यताप्राप्त संस्थेची पदवी हवी. दुसरी, संघाच्या चालू सभासदांनी शिफारसपत्र द्यावे लागते. चालू सभासद म्हणजे जिची वर्गणी थकलेली नाही अशी. तिसरी, इच्छुक स्त्रीने आजवर समाजासाठी काय केले याचा पुरावा द्यावा लागतो. चौथी, मुलाखत आणि त्यानंतर शाखेतील सभासदांचे मतदान. हे सर्व पार पडल्यावर संघाच्या इतिहासाचे व कार्याचे शिक्षण होते आणि शेवटी दीक्षाविधी. तो विधी बाहेरच्यांपासून गुप्त ठेवला जातो.

याखेरीज एक अलिखित शिस्त आहे. प्रत्येक शाखा दरवर्षी नवे सभासद घेतेच असे नाही; दोनदोन, तीनतीन वर्षे दार उघडत नाही. तोपर्यंत इच्छुक स्त्रीने शाखेच्या खुल्या कार्यक्रमांना जावे, शिष्यवृत्तीच्या निधीसाठी भरलेल्या बाजारात हातभार लावावा, मतदार-नोंदणीच्या दिवशी टेबलाशी बसावे. शाखेतील बायकांची ओळख अशी कामातून व्हावी. पहिल्याच भेटीत ‘मला सभासद करून घ्या’ म्हणणे उतावळेपणाचे समजतात. आपल्या इच्छेचा गवगवा करणे अनुचित मानतात. आणि दीक्षेपूर्वी संघाची अक्षरे किंवा रंग अंगावर मिरविणे ही तर मोठीच आगळीक. शिवाय या चार संघांपैकी एकाची दीक्षा घेतली की दुसऱ्याची घेता येत नाही, यास्तव निवड आधीच विचारपूर्वक करावी लागते. आईची किंवा आजीची परंपरा असेल तर तिचे मोल आहे, पण वारसा म्हणजे हक्क नव्हे.

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर त्या शाखांच्या कामात आहे. १९३५ साली कॅलिफोर्नियातील आयडा जॅक्सन या शिक्षिका अल्फा कॅपा अल्फाच्या अध्यक्षा असताना त्यांनी मिसिसिपी राज्यातील कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या दरिद्री कुटुंबांसाठी आरोग्यसेवेची योजना आखली. डॉक्टर डॉरोथी फेरेबी यांनी तिची सूत्रे हाती घेतली. पदवीधर सभासदांपैकी डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षिका उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतःच्या मोटारी घेऊन तेथे गेल्या. मळेवाल्यांनी मजुरांना दवाखान्यात येऊ दिले नाही, तेव्हा या बायकांनी दवाखाना मोटारींत भरून मळ्यांवर नेला आणि झाडाखाली टेबल मांडून मुलांना देवी व घटसर्पाच्या लसी टोचल्या. १९४२ पर्यंत हे काम उन्हाळ्यामागून उन्हाळे चालले. हे विद्यार्थिनींच्या आवाक्यातले नव्हते. त्यासाठी शिकून मिळविलेला व्यवसाय, हाती असलेला पगार आणि स्वतःच्या सुट्टीवरचा हक्क लागतो. ही तिन्ही पदवीधर स्त्रीजवळ असतात. पदवीधर शाखा का हवी, याचे उत्तर त्या झाडाखालच्या टेबलावर आहे.

या संघांचे दोष झाकून ठेवण्याचे मला कारण नाही. त्यांच्यावर आक्षेप जुने आहेत आणि काही सार्थही आहेत. उजळ वर्णाच्या, सुखवस्तू घरच्या मुलींना पूर्वी झुकते माप मिळे, असा आरोप त्यांच्याच समाजातून झाला. समाजशास्त्रज्ञ फ्रँकलिन फ्रेझियर यांनी १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या अशा मंडळांवर, ती प्रतिष्ठेच्या व करमणुकीच्या मागे लागली आहेत, अशी कठोर टीका केली. नव्या सभासदांचा छळ करण्याची दुष्ट चाल विद्यार्थिशाखांत शिरली होती. तिला आळा घालण्यासाठी १९९० साली या संघांनी उमेदवारीचा जुना प्रकार बंद करून प्रवेशाची नवी पद्धत सुरू केली. तरीही छळाच्या तक्रारी पुरत्या थांबल्या नाहीत. प्रवेशाची फीही थोडी नसते आणि वार्षिक वर्गणी निराळी. निवड असते तेथे निवडणाऱ्यांचा अहंकारही असतो. हा धोका आपण त्यांच्याकडून उसना घेऊ नये.

पण एक गोष्ट त्यांच्याकडून अवश्य घ्यावी. ज्या समाजाला जन्मावरून नाकारले गेले, त्या समाजाच्या स्त्रियांनी स्वतःची संस्था काढताना जन्माची अट घातली नाही. गौरवर्णीय एलिनॉर रूझवेल्ट यांना अल्फा कॅपा अल्फाने सन्माननीय सभासद करून घेतले होते. १९८६ साली हॉवर्ड विद्यापीठात त्याच संघाची दीक्षा घेतलेल्या कमला हॅरिस यांच्या मातोश्री आपल्या देशातून गेलेल्या होत्या. आणि त्या कन्येने २०२१ ते २०२५ या काळात अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्षपद भूषविले. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलींनीही १९९८ साली ऑस्टिन व ह्यूस्टन येथे आपले निराळे भगिनीसंघ काढले, आणि आपल्या घरांतल्या काही लेकी उद्या त्यांच्या पदवीधर शाखांच्या दाराशी जातील. तेथे त्यांना कूळ विचारले जाणार नाही. त्यांनी काय केले आणि काय करणार, हे विचारले जाईल.

आता आपल्या मसुद्याकडे येते. जन्म आणि पदवी या दोन अटींवर जी सभासद ‘समजली जाईल’, ती बहुधा समजण्यापुरतीच राहील. आपल्या मंडळाच्या आजीव सभासदांच्या वहीत शेकडो नावे आहेत, आणि वार्षिक सभेला गणसंख्या पुरी होण्यासाठी अर्धा तास थांबावे लागते, हे आपण दरवर्षी पाहतो. जे मागितल्याशिवाय मिळते, त्याचे ओझेही वाटत नाही आणि अगत्यही वाटत नाही. दुसरीकडे, याच कलमाने आपण तीन प्रकारच्या स्त्रियांना बाहेर ठेवीत आहोत. ज्ञातीबाहेर लग्न केलेली आपली लेक, जिचे नाव लग्नानंतर वहीतून गळते. दुसऱ्या ज्ञातीतून आपल्या घरी आलेली सून, जी आपल्या वसतिगृहातल्या मुलींना फुकट गणित शिकविते पण सभेत मागच्या बाकावर बसते. आणि जिची पदवी अजून दोन वर्षे दूर आहे अशी पन्नाशीतील विद्यार्थिनी. यांतील एकेक चेहरा आपणां प्रत्येकीस परिचित आहे. त्या आज या सभागृहातही आहेत.

काही वडीलधारी मंडळींना असे वाटेल की, सुनांना व परक्या घरी गेलेल्या लेकींना घेतले तर ज्ञातिसंस्था ज्ञातीची राहणार नाही. त्यांची काळजी मी समजू शकते. शिष्यवृत्तीचा निधी आणि वसतिगृह पूर्वजांनी एकेक रुपया जमवून उभे केले. ते कोणाच्या हाती जाईल, ही चिंता अस्थानी नाही. तथापि निधीचे नियम निराळे आहेत आणि त्यांस या मसुद्याने धक्का लागत नाही. येथे प्रश्न आहे तो काम करणाऱ्या हातांचा. पैसा कोणास द्यावा हे जन्मावरून ठरविणे कितपत योग्य, याचा विचार आज ना उद्या करावाच लागेल; परंतु घाम कोणी गाळावा हे जन्मावरून ठरविण्यात तर काहीच हशील नाही.

यास्तव मी तीन दुरुस्त्या नम्रपणे सुचविते. पहिली: ज्ञातीत जन्मलेली, ज्ञातीच्या घरी आलेली किंवा ज्ञातीच्या घरातून दुसरीकडे गेलेली कोणतीही स्त्री पात्र असावी, आणि पदवीसाठी नाव नोंदविलेल्या प्रौढ विद्यार्थिनीस पदवी मिळेपर्यंत सहयोगी सभासद म्हणून घ्यावे. दुसरी: सभासदत्व आपोआप न मिळता अर्जाने मिळावे, आणि अर्जात एकच प्रश्न असावा, तो असा की वर्षातले किती दिवस आपण कोणत्या कामाला द्याल. मतदान, मुलाखत, गुप्त विधी यांतले काहीही नको. त्यांच्या संघातील जो भाग अहंकाराला खतपाणी घालतो तो तेथेच राहू द्यावा. तिसरी: सलग दोन वर्षे जिने ठरविलेले काम केले नाही, तिचा मताधिकार तिने पुनश्च काम सुरू करीपर्यंत स्थगित राहावा, मात्र तिचे नाव वहीतून काढू नये. आजारपण, बाळंतपण, सासूसासऱ्यांची शुश्रूषा यांमुळे खंड पडला तर तो खंड धरू नये, कारण तेही कामच आहे.

या दुरुस्त्या स्वीकारल्या तर पहिल्या वर्षी आपली सभासदसंख्या कमी दिसेल, हे मी आधीच सांगून ठेवते. मूळ मसुद्याप्रमाणे अहवालात मोठा आकडा छापता येईल आणि माझ्या सूचनेप्रमाणे कदाचित तीस-चाळीस नावेच येतील. पण इंडियानापोलिसच्या सातजणी शिक्षिकांनी सुरुवात केली तेव्हा त्या सातच होत्या. आपल्या वसतिगृहातील मुलींना आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकविण्यास, दवाखान्याच्या कागदपत्रांत अडलेल्या वृद्धेस सोबत करण्यास आणि शिक्षण अर्धवट सोडलेल्या स्त्रीस परीक्षेचा अर्ज भरून देण्यास तीस-चाळीस स्त्रिया पुष्कळ झाल्या.

भगिनींनो, मसुदा आता आपल्या हाती दिला जाईल. कलम तिसरे हे सभासदत्वाचे आहे. ते वाचताना आपल्या शेजारी कोण बसली आहे आणि त्या कलमाने ती आत राहते की बाहेर जाते, एवढे पाहून मग हात वर करावा, इतकीच माझी विनंती आहे.